कोकणातले तेरडे ओळखायचे तर: पहिल्या पावसाळ्यासाठी पायरी-पायरीने

माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत तेरड्याच्या 31 नोंदी आहेत आणि त्यातल्या 27 एकाच वाक्याच्या आहेत: ‘गुलाबी तेरडा, सड्यावर, भरपूर.’ पुढच्या पावसात भिंग घेऊन त्याच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळ-पठारावर, गेले तेव्हा कळलं, की त्या एका ‘गुलाबी तेरड्या’त निदान दोन जाती सरमिसळ उभ्या होत्या, आणि भाताच्या बांधावर होता तो तिसराच. फोटो होते, पण सगळे फुलाच्या तोंडावरून काढलेले. तोंडावरून सगळे तेरडे सख्खी भावंडं दिसतात. त्या 27 नोंदींचा आज काडीचा उपयोग नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. बी.कॉम. झाले, नोकरी करते, शनिवार-रविवारी सड्यावर फिरते. म्हणूनच हे लिहायला बसले. जाणकारांना ज्या गोष्टी सांगायच्या असतात हेच सुचत नाही, त्या मी ठेचा खाऊन शिकले आहे. तुम्ही कोकणात राहत असाल किंवा गणपतीला चार दिवस गावी येत असाल, तर तेवढ्या मुक्कामातही यातलं निम्मं काम होतं.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. इथे ती झाडालाच लावा. रंगावर भिस्त ठेवली की फसलात.

1. आधी घराणं समजून घ्या

तेरड्याचं कुल बाल्समिनेसी. त्यात प्रजाती दोनच. एक हायड्रोसेरा, पाणथळ जागेतली, जिच्यात जात एकच आणि जिचं फळ फुटत नाही. दुसरी इम्पेशन्स, जगभरात हजारावर जातींची. भारतात त्यातल्या दोनशेच्या वर आहेत, सह्याद्रीच्या रांगेत शंभराच्या वर, आणि त्या बहुतेक या डोंगरांबाहेर कुठेच सापडत नाहीत. इम्पेशन्स या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘धीर नसलेला’. पिकलेल्या बोंडाला बोट लावा, म्हणजे नाव का पडलं ते कळेल.

इथेच पहिला खड्डा. वर्तमानपत्रात ‘नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं तेव्हा त्यांना एक जात म्हणायची असते. मराठीतल्या जुन्या शास्त्रीय लिखाणात प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट, ज्याला वंशही म्हणतात. मी इथे जुनी पद्धत पाळते: इम्पेशन्स ही प्रजाती, बाल्समिना ही तिच्यातली जात. तुम्ही कुठलीही पाळा, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन वर्षांनी आपलंच लिखाण आपल्याला कळेनासं होतं.

2. कधी जायचं

एकदा जाऊन भागत नाही. तीन फेऱ्या धरा.

पहिली जुलैच्या अखेरीस. फुलं नसतात किंवा तुरळक असतात, पण पानं ताजी असतात आणि गवत अजून डोक्यावर गेलेलं नसतं. दुसरी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे गणपती-गौरीच्या आगेमागे. फुलांचा हाच भर. तिसरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बोंडांसाठी. ही तिसरी फेरी सगळे टाळतात. सडा तेव्हा उन्हाने करपायला लागलेला असतो, फोटो चांगले येत नाहीत. पण बोंडावर लव आहे की ते गुळगुळीत आहे, हे तेव्हाच नीट दिसतं, आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सकाळी नऊच्या आत पोचा. दुपारच्या सरीनंतर पाकळ्या झडून चिखलात पडलेल्या असतात.

3. सामान आणि कागदपत्रं

- दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग, दोरीने गळ्यात बांधलेलं. माझं पहिलं भिंग अजून राजापूरच्या एका सड्यावर कुठेतरी आहे.
- 15 सेंटिमीटरची पट्टी. फोटोत फुलाशेजारी ठेवायला.
- वही आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन नको, एका सरीत पान निळं होतं.
- काळ्या जाड कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा. त्यावर उलगडलेलं फूल ठेवून फोटो काढला की पारदर्शक भागही उठून दिसतात.
- बारीक चिमटा आणि दोन टाचण्या.
- झिपच्या पिशव्या, छत्री, प्यायचं पाणी.
- घोट्याच्या वर येणारे रबरी बूट. रत्नागिरी-देवगडकडच्या कातळावर फुरशी भरपूर आहेत. दगड उचलायचा तर हाताने नाही, काठीने. आंबोलीकडे जळवांसाठी मोज्यात मीठ-तंबाखू चोळणारे आहेत. मी नुसती पँट मोज्यात खोचते.

कागदांचं म्हणाल तर नुसतं बघायला आणि नोंदवायला फार काही लागत नाही. पण कोकणातले बरेचसे सडे खासगी आहेत. मोकळे दिसतात म्हणून बेवारस समजू नका. वाडीत आधी विचारा, नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा. गुरं राखणारा माणूस भेटला तर दोन वाक्यं जास्त बोला. सड्याचं स्थानिक नाव त्याच्याकडूनच कळतं.

नमुना तोडायचा असेल तर गोष्ट वेगळी. राखीव जंगलात वनखात्याची लेखी परवानगी हवी. फणसाड किंवा कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात तर तोडायचा विचारही करू नका. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात. त्यांना आधी कळवलेलं बरं. समितीची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर ती बघायला मागा, गावातली झाडांची नावं तिच्यात असतात. ओळखपत्राची प्रत आणि कुठल्या कॉलेजातर्फे काम करत असाल तर तिथलं पत्र, एवढं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत कायम ठेवा.

आणि कातळावर पाय टाकताना खाली बघा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यातल्या काही जागा 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. कोरलेल्या रेषांत पाणी आणि मूठभर माती साचते, आणि लहान पावसाळी झाडं नेमकी तिथेच उगवतात. फोटोसाठी तिथे आडवं पडू नका.

4. फुलाआधी पान

मला ही गोष्ट शास्त्रज्ञाने नाही, देवगडच्या मावशीने शिकवली. कोकणात कित्येक घरांत तेरड्याची गौर असते. रोपं मुळासकट आणून त्यांची जुडी बांधतात, तिला मुखवटा आणि साडी. त्या वर्षी तेरडा आणायचं काम माझ्याकडे आलं. शेजारच्या सड्यावरून गुलाबी फुलांचा भारा घेऊन मी मोठ्या ऐटीत आले. मावशीने एक रोप उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, “ह्यो नको गो. ह्यो आडवो पसारता, ह्येची जुडी बांधूक जमणा नाय. आणि पाना बघ ह्येची, समोरासमोर. गौरीचो तेरडो असो नसता.”

तिने एका वाक्यात जे सांगितलं ते पुस्तकात ओळखीच्या किल्लीचं, म्हणजे एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणाऱ्या यादीचं, पहिलं कलम असतं. खोडावर पानं एकाआड एक आहेत, की एका पेरावर दोन समोरासमोर? गौरीचा, म्हणजे नेहमीचा तेरडा, इम्पेशन्स बाल्समिना. त्याची पानं एकाआड एक. सड्यावर गालिचा घालणारे बुटके तेरडे मात्र बहुतेक समोरासमोर पानांचे.

सापळा: शेंड्याकडे पानं दाटीने येतात आणि एकाआड एक असलेलीही समोरासमोर भासतात. बाल्समिनाची अगदी खालची एखादी जोडी तर खरोखरच समोरासमोर असू शकते. म्हणून खोडाचा मधला भाग बघा. तीन-चार पेरं मोजा, मगच वहीत लिहा.

5. फूल उलगडून बघा

या पायरीला वेळ द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं अंदाजपंचे.

तेरड्याच्या फुलाला बघताक्षणी तीन पाकळ्या दिसतात, वर एक आणि खाली दोन रुंद. खरं तर पाकळ्या पाच आहेत. वरची एकटी. खालच्या चार दोन-दोनच्या जोडीने चिकटून दोन ‘पंख’ झालेले असतात. म्हणून प्रत्येक पंखाला एक लहान आणि एक मोठी अशा दोन पाळ्या दिसतात. या दोन पाळ्यांची मापं आणि आकार जातीगणिक बदलतात. पंख काळ्या कागदावर सपाट पसरून फोटो काढा.

आता मागची बाजू. पाकळ्यांच्या मागे सहसा तीन संदलं, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टणाची दलं, असतात. दोन बाजूची, इवलीशी, हिरवट, सहज नजरेतून सुटणारी. तिसरं मात्र मोठं, पाकळीसारखं रंगीत, होडीच्या आकाराचं, आणि त्याच्या टोकाला शेपटीसारखी पोकळ नळी. पुस्तकात तिला शुंडिका म्हणतात, मी सोंड म्हणते. मध तिच्यात असतो. सोंड किती लांब, सरळ की वाकडी, बारीक की जाड, हे तेरड्यांमध्ये सर्वांत कामाचं लक्षण. आणि समोरून काढलेल्या फोटोत नेमकं तेच दिसत नाही! बाजूने फोटो काढा, पट्टी ठेवून.

मधोमध पांढरट टोपीसारखं काहीतरी दिसेल. ते पाच पुंकेसर, परागकोशांशी एकमेकांना चिकटून त्यांनी आतल्या स्त्रीकेसरावर टोपडं घातलेलं असतं. फूल आधी नर असतं. सोंडेतल्या मधासाठी मधमाशी आत शिरते तेव्हा तिच्या पाठीवर पराग लागतो. एक-दोन दिवसांत टोपी गळून पडते, खालचं हिरवं स्त्रीकेसर उघडं पडतं, आणि तेच फूल आता मादी. एकाच झाडावर टोपीवाली आणि बिनटोपीची अशी दोन्ही फुलं दिसली तर त्या दोन जाती नव्हेत. हसू नका, मी तशी नोंद केलेली आहे.

फोटोंची यादी मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आहे: अख्खं झाड, खोडाचा मधला भाग, पानाची कड आणि बूड, फूल समोरून, फूल बाजूने, उलगडलेलं फूल, बोंड, आणि भोवतालची जागा. आठ फोटो. एकही गाळू नका. नोंदी पाठवायला लागलात की समोरचा माणूस नेमका गाळलेलाच मागतो.

6. सात नावांची छोटी किल्ली

किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पहिल्या वर्षी ही सात नावं पुरतात.

खोडच नाही, सगळी पानं जमिनीलगत, पान गोलसर-हृदयाकृती, मधून उंच दांडा आणि त्यावर गुलाबी फुलं, जागा म्हणजे पाणी झिरपणारा उभा कातळ: इम्पेशन्स अकॉलिस. याला जमिनीत छोटा कंद असतो, म्हणून हा दर वर्षी त्याच भेगेतून वर येतो. घाटाच्या कड्यांवर शोधा. श्रीलंकेतही हाच आहे.

खोड आहे, पानं एकाआड एक, फूल पिवळं: इम्पेशन्स डाल्झेलाय. रंगाने ओळखता येणारा या यादीतला हा एकटाच, आणि नेमका तो किनाऱ्यावर नाही. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर भेटेल.

पानं एकाआड एक, रुंद, लांब देठांची, फूल नेहमीच्या तेरड्यापेक्षा ठळकपणे मोठं, पसरट, फुलपाखरू बसल्यासारखं, जांभळट गुलाबी: इम्पेशन्स पल्चेरिमा. आंबोलीच्या दाट सावलीतल्या वाटांवर हा दिसला की थांबाच. मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या निकोल डाल्झेल या स्कॉटिश माणसाने 1850 मध्ये त्याचं वर्णन छापलं. पिवळ्या तेरड्याचं नावही त्याच्याच स्मरणार्थ. पल्चेरिमा म्हणजे ‘अतिसुंदर’. शास्त्रीय नावांत असं मोकळेपणाने कौतुक क्वचितच सापडतं.

पानं एकाआड एक, अरुंद, भाल्यासारखी, करवती कडांची, देठ आखूड, फुलं पानाच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-तीन, सोंड बारीक आणि वाकलेली, बोंडावर दाट लव: इम्पेशन्स बाल्समिना, गौरीचा तेरडा.

उरले समोरासमोर पानांचे. इथे सोंड बघा. बारीक, लांब, कमानीसारखी वळलेली असेल तर इम्पेशन्स मायनर. जुन्या पुस्तकांत हा क्लायनाय या नावाने सापडतो, वेगळा समजू नका. सोंड आखूड आणि बुडाशी रुंद असेल तर इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया किंवा लॉवाय. या दोघांवर पहिल्या वर्षी भांडू नका. कासच्या पठारावरचा प्रसिद्ध गुलाबी गालिचा लॉवायचा आहे. कोकणच्या सड्यावर आखूड सोंडेचा तेरडा मिळाला तर वहीत दोन्ही नावं प्रश्नचिन्हासह लिहा आणि आठ फोटो जोडा. प्रश्नचिन्ह लावायला लाजू नका. चुकीच्या खात्रीपेक्षा ते शंभर पटींनी बरं.

मोबाइलचं ॲप या यादीत कुठे बसतं? ॲपला बाल्समिना चांगला येतो, कारण जगभर बागांतून त्याचे लाखो फोटो आहेत. म्हणून गुलाबी दिसेल त्याला ते बाल्समिनाच म्हणतं. प्रजातीपर्यंत त्याचं ऐका, जातीसाठी पान आणि सोंड.

7. एकाच जातीतले फरक

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, आणि खरं सांगायचं तर मजाही इथेच आहे.

उंचीचं बघा. सड्यावर जांभा दगडाच्या खळग्यात दोन बोटं माती असते. तिथे बाल्समिना वितभर वाढून फुलतो, एक-दोन फुलं देतो आणि संपतो. पन्नास पावलांवर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडोशाला शेणखत झिरपतं तिथे, तोच तेरडा कमरेला लागतो, खोड अंगठ्याएवढं, पेरं सुजल्यासारखी लालसर. मी या दोघांना दोन वर्षं वेगळं मानत होते. मग बिया आणून मागच्या दारी एकाच कुंडीत लावल्या. उंची सारखी आली. फरक जागेचा होता, रक्ताचा नव्हता. कुंडीचा प्रयोग फुकट आहे, कराच.

पानाची रुंदीही अशीच फसवी. सावलीत पान रुंद आणि पातळ, उन्हात अरुंद. म्हणून ‘पान अरुंद’ एवढं लिहू नका. झाड उन्हात होतं की सावलीत ते सोबत लिहा.

रंग मात्र जागेचा नसतो, तो पिढीतून उतरतो. बाल्समिना गुलाबी, जांभळा, लालसर, पांढरा असा सगळा मिळतो. एकाच बांधावर गुलाबींच्या गर्दीत चार पांढरी झाडं उभी असतात. पांढऱ्याला वेगळी जात समजून फोन करणारे दर वर्षी भेटतात. रंग जरूर नोंदवा, शक्य तर मोजून: शंभर झाडांत पांढरी किती, गुलाबी किती. अशी मोजणी पाच वर्षं त्याच बांधावर केलीत तर ती खरोखर कुणाच्यातरी कामाची होईल.

यातला लबाड सापळा म्हणजे बागेतून पळालेला तेरडा. घरासमोर लावलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्याच्या बिया परसातून गडग्याबाहेर जातात. पुढच्या पिढ्यांत काहींची फुलं पुन्हा एकेरी होतात, पण रंग बागेचेच राहतात, भडक लाल किंवा ठिपकेदार. घरापासून, देवळापासून, जुन्या पडक्या चौथऱ्यापासून किती अंतरावर आहात ते लिहा. वस्तीलगतचा बहुरंगी ताटवा ‘रानटी’ म्हणून नोंदवण्याआधी दहा वेळा विचार करा.

पानं कुरतडलेली दिसली तर उलटून बघा. काळसर अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या रांगा आणि शेपटीला शिंग अशी जाड अळी असेल, तर ती एका पतंगाची. चावत नाही, फक्त दिसायला भारी. तिचाही फोटो काढा, तेरडा तिच्या आवडत्या झाडांपैकी आहे.

8. कुठे आहे ते नीट लिहा

‘रत्नागिरी’ हे ठिकाण नव्हे, तो जिल्हा आहे. गाव, वाडी, सड्याचं नाव, समुद्रसपाटीपासून उंची, आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. शिवाय जागेचा प्रकार एका शब्दात: सडा, खळगा, बांध, वहाळाचा काठ, देवराई, घाटाचा कडा. हा शेवटचा शब्द मी पहिल्या वर्षी लिहिला नव्हता. आता तोच आधी लिहिते.

जागेचा प्रकार एवढा महत्त्वाचा का, याचं उत्तर बोंडात आहे. पिकलेल्या बोंडाच्या पाच फाका ताणलेल्या स्प्रिंगसारख्या असतात. धक्का लागला की झटकन आत वळतात आणि बिया उडवतात. पण उडून उडून त्या जातात किती? चार-सहा फूट. वारा नेत नाही, पक्षी नेत नाही. त्यापुढचा प्रवास पावसाच्या पाण्यावर. म्हणून तेरडा एकटादुकटा नसतो, थव्याने असतो. आणि शेजारच्या सड्यावर अगदी तशीच जागा असूनही तो कधी कधी अजिबात नसतो, कारण मधली दरी त्याला ओलांडता आलेली नाही. ज्यांचं बी लांब जात नाही अशा झाडांच्या जाती डोंगरागणिक वेगळ्या होत जातात. सह्याद्रीत इतके तेरडे का, याचा एक धागा हा.

पहिल्या वर्षी एकच आडवी रेघ निवडा. मी निवडली ती देवगडच्या सड्यापासून आंबोलीपर्यंत. किनाऱ्याकडच्या कातळावर बुटके, समोरासमोर पानांचे. खाली भाताच्या बांधांवर आणि रस्त्याकडेला बाल्समिना. सावंतवाडी सोडून घाट चढायला लागलात की ओल्या कड्यांवर अकॉलिसची गोल पानं. आणि वर, जिथे वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे जंगलाच्या कडेला पल्चेरिमा. पाचशे-सातशे मीटर उंचीच्या फरकात घराणं कसं बदलतं ते एका दिवसात दिसतं. घाटात वळणावर गाडी लावू नका, धुक्यात मागचा ट्रक तुम्हाला बघत नसतो.

‘नाही’ हीसुद्धा नोंद आहे. गेलात, तासभर शोधलंत, सापडला नाही, तर तारखेसह लिहा. माझ्या रेघेवरचा एक सडा तीन वर्षांपूर्वी सुरुंग लावून हापूसच्या कलमांसाठी खणला गेला, दुसऱ्यावर चिरेखाण आली. तिथे काय होतं याचा पुरावा आता माझ्या वहीतली आठ पानं एवढाच आहे, आणि त्यातली तीन ‘गुलाबी, भरपूर’वाली.

9. नमुना वाळवायचा असेल तर

आधी ठरवा, खरंच हवा आहे का? आठ फोटो नीट असतील तर नवशिक्याला सहसा गरज नसते. पल्चेरिमा आणि अकॉलिस तर तोडूच नका.

तरी परवानगी घेऊन घेतलात, तर तेरडा हे वाळवायला फार अवघड झाड आहे हे ध्यानात ठेवा. खोडात नुसतं पाणी. पाकळ्या इतक्या तलम, की सुकताना एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि मग कुणालाच काही सोडवता येत नाही. जोसेफ हूकर या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची शेवटची वर्षं याच प्रजातीवर घालवली, 1911 मध्ये 94 व्या वर्षी वारले तोवर. त्यांच्याही पुढ्यात असे वाळलेले गोळेच असत. मी पहिले नमुने एका संग्रहालयात घेऊन गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी कागद उघडला, वास घेतला आणि अतिशय नम्रपणे मिटून परत दिला. बुरशी.

माझी आताची पद्धत अशी. खोड पात्याने उभं चिरते. दोन-तीन फुलं तिथल्या तिथे उलगडून, वरची पाकळी, दोन्ही पंख आणि सोंडेचं संदल वेगवेगळे करून टिश्यू कागदाच्या घडीत सपाट ठेवते. तो टिश्यू सुकेपर्यंत उघडत नाही. आणखी दोन फुलं छोट्या बाटलीत 70 टक्के स्पिरिटमध्ये. बाकी झाड वर्तमानपत्राच्या घडीत, दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये पट्ट्याने आवळून. पावसाळ्यात कागद दिवसातून दोनदा बदलायचा. एकदा चुकलात की दुसऱ्या दिवशी काळी कढी. चुलीवरच्या माळ्यावर फळ्या ठेवता आल्या तर उत्तम, नाहीतर पंख्याखाली. वाळल्यावर 28 बाय 42 सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवून घ्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठीवर फुलाचा ताजा रंग हमखास लिहा, सुकल्यावर तो उरत नाही.

10. ताडून बघणं आणि नोंद पाठवणं

घरी बसून ताडायला थिओडोर कुकची ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ अजून उपयोगी पडते. ती 1901 ते 1908 मध्ये निघाली, वर्णनं बारकाईची आहेत, नावं मात्र जुनी, ती ताजी करून घ्यावी लागतात. प्रत्यक्ष नमुने बघायचे तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम. आधी पत्र लिहून वेळ घ्या. पंधरा मिनिटं मागा, फोटोंची छापील प्रत न्या, आणि ‘हे कोणतं?’ असं विचारू नका. ‘मला हे मायनर वाटतं, कारण सोंड लांब आहे, बरोबर आहे का?’ असं विचारा. दार उघडण्यात फरक पडतो.

ऑनलाइन नोंदीसाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. आठही फोटो एकाच नोंदीत टाका, आठ वेगळ्या नोंदी करू नका. परसातला तेरडा असेल तर ‘लागवडीचा’ ही खूण करा. पल्चेरिमासारख्याचं नेमकं ठिकाण झाकून ठेवायची सोय आहे, ती वापरा. दोन वर्षांपूर्वी मी वापरली नव्हती. पुढच्या रविवारी त्या ओढ्याकाठी गेले तर पन्नासेक बुटांचे ठसे होते आणि झाडं सात उरली होती. या वर्षी त्या जागी मोजायला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार आहे, कारण गौरी त्याच्या आधीच उठतात आणि मावशीलाही यायचं आहे.